भाड्याचा मिकी माऊस

सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. दिवसभर तोंडात 'हम' असते, त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की 'मी'च्या जागी आपोआप 'आम्ही' येते. त्यात मोठेपणा काही नाही. आणि खरे सांगायचे तर या हकिकतीत एकट्याचे असे काही नाहीच. अम्मी, धाकटा भाऊ, त्याची दुल्हन, त्यांची दोन मुले आणि आम्ही, असे सहा जण पिंपरीत नेहरूनगरच्या बाजूला एका पत्र्याच्या घरात राहतो. आमचे लग्न झालेले नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

२०२५ च्या रमजानमधली गोष्ट. दहावा-अकरावा रोजा असेल. मगरिबची नमाज उरकून आम्ही चहाला बसलो होतो. भावाने मोबाईल पुढे केला. "आपा, जरा देखो तो." फोटोत लाल-पिवळ्या रंगाचा हवेचा महाल होता. दोन बाजूला दोन मनोरे, मध्ये उंदराचे हसरे डोके, त्याचा एक कान जरासा पिचकलेला. जत्रेत, उरुसात, मोठ्या दुकानांच्या उद्घाटनाला आपण सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. त्यावर हत्ती असो की स्पायडरमॅन, आमच्याकडे त्याला 'मिकी माऊस'च म्हणतात.

"पंधरा बाय बारा. ब्लोअरसकट पंचावन्न हजार. भोसरीचा मालक आहे, त्याच्याकडे असे तीन आहेत, एक काढायचा म्हणतो."

"आणि करायचे काय त्याचे?"

"धंदा," भाऊ म्हणाला. "पोरं कधी ब्रेक देत नाहीत, आपा."

या 'ब्रेक'चा अर्थ चाकण पट्ट्यात राहणाऱ्याला सांगावा लागत नाही, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भाऊ आयटीआय फिटर. चाकणला कंत्राटी. पहाटे पाचला घर सोडायचे, भोसरीला कंपनीची बस पकडायची, मोशीची कोंडी, मग तळेगाव चौकातली कोंडी, मग मशीन. सात महिने झाले की ब्रेक. २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, एवढे गणित तिथल्या हेल्परलाही येते. महिना-दोन महिने घरी बसायचे, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा तिकडेच. नऊ वर्षांत भावाने तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना हात लावला. स्वतःकडे एक जुनी मोटारसायकल आहे. फेब्रुवारीत पुन्हा ब्रेक मिळाला आणि या वेळी ठेकेदाराने फोन उचलणेच बंद केले.

पैशाचा प्रश्न होता आणि नव्हताही. आमची बारा जणींची भिशी आहे, महिना पाच हजारांची, आणि एप्रिलचा नंबर आमचा होता. साठ हजार. पण ते साठ हजार कशाचे, हे घरातल्या लहान मुलांनाही माहीत होते. घरावरचे सिमेंटचे पत्रे अब्बांच्या वेळचे. डांबराच्या पट्ट्या चिकटवून चिकटवून आम्ही तीन पावसाळे काढले होते. मागच्या पावसात अम्मींच्या खाटेवर ठिबकायला लागले तेव्हा खाट सरकवली, मग शिधा ठेवायच्या पिंपावर ठिबकायला लागले. वेल्डरने मोजमाप घेऊन नवे रंगीत पत्रे आणि अँगल मिळून अठ्ठेचाळीस हजार सांगितले होते. म्हणजे प्रश्न असा होता, डोक्यावर पत्रा की अंगणात मिकी माऊस.

दुल्हनने तिसरा मार्ग सुचवला. गल्लीत दर मंगळवारी कर्जवाल्या बाई येतात, दहा बायकांचा ग्रुप केला की चाळीस हजार लगेच हातात, आठवड्याला हप्ता. अम्मींनी पानदान बंद केले. "सूद का पैसा इस घर में नहीं आएगा." विषय संपला. अर्ध्या गल्लीने ते कर्ज घेतले आहे, हे अम्मींनाही माहीत आहे. आमच्या पगाराच्या खात्यावर व्याज जमा होते, त्याचे आम्ही काय करतो, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

पण अम्मींची खरी भीती सूदाची नव्हती. टेम्पोची होती.

आमचे अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात परमनंट होते. परमनंट हा शब्द आमच्या लहानपणी 'हाजी'सारखा नावाच्या मागे लागायचा. २००१ मध्ये त्यांनी व्हीआरएस घेतली. घेतली म्हणायचे, बाकी घ्यावी लागली. त्या काळी पिंपरीत गल्लोगल्ली व्हीआरएसचे पैसे फिरत होते. कोणी रिक्षा घेतली, कोणी मुलीचे लग्न केले, कोणी पिठाची गिरणी टाकली. अब्बांनी टेम्पो घेतला. सहा महिने बरे चालले. मग ज्या छोट्या कारखान्याचा माल ते वाहायचे तोच बंद पडला. बिल अडकले. मग गिअरबॉक्स गेला. टेम्पो घरासमोर उभा राहिला तो दीड वर्ष उभाच राहिला. अब्बा रोज सकाळी त्याच्या काचा पुसायचे. चालू न होणाऱ्या गाडीच्या काचा कशाला पुसता, असे त्यांना कोणी विचारले नाही. शेवटी तो भंगारवाल्याने किलोवर नेला.

ही अम्मींची आठवण. आमची आठवण निराळी आहे. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे, भाऊ सहाचा. त्या टेम्पोचा हौदा म्हणजे मोहल्ल्यातल्या पोरांचा महाल होता. जुन्या गोण्या आणि कापसाच्या फाटक्या गाद्या त्यात पडलेल्या असायच्या. केबिनच्या टपावरून त्यावर उड्या. संध्याकाळी वीस-पंचवीस पोरे, तिकीट नाही, वेळेची मर्यादा नाही. भावाच्या कपाळावर डाव्या बाजूला जो व्रण आहे तो त्याच हौद्याच्या फाळक्याचा. तेव्हा अब्बा त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात पळाले होते आणि परत आल्यावर त्यांनी फाळक्याला चिंध्या बांधल्या, पण आम्हाला हुसकावले नाही. मोबाईलमधला तो महाल दाखवताना भावाच्या डोळ्यांत काय होते ते आम्हाला ओळखीचे वाटले, पण तसे आम्ही बोललो नाही. धंद्याचा विचार चालला असताना असल्या गोष्टी मध्ये आणू नयेत.

आम्ही म्हटले, "आधी भाड्याने आण. ईदचे तीन दिवस. वही ठेव. मग बोलू."

मालकाने दिवसाचे साडेतीन हजार सांगितले, तीन दिवसांचे नऊ हजारांवर तुटले. इथे थोडे विषयांतर. ही वस्तू १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात जॉन स्करलॉक नावाच्या अभियंत्याने बनवली. टेनिसच्या मैदानावर घालायचे हवेचे आच्छादन तो तयार करत होता आणि त्याचे कामगार त्यावर उड्या मारू लागले, असे सांगतात. त्याच्या पत्नीने पुढे हे फुगे भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला. बनवले नवऱ्याने आणि कमाईचा रस्ता बायकोला दिसला. आमच्या घरात हे वाचून दाखवले तेव्हा दुल्हनने पहिल्यांदा या विषयात रस घेतला.

ईद सोमवारी, ३१ मार्चला आली. आदल्या दिवशी गुढीपाडवा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडावरच्या घरांतल्या गुढ्या उतरल्या, चाँद दिसला आणि रात्री साडेदहाला टेम्पोतून गुंडाळी उतरली. गुंडाळलेला मिकी माऊस म्हणजे ओल्या गोधडीसारखे जड प्रकरण असते. चार माणसांना उचलवेना. सकाळी ईदची नमाज झाल्यावर ब्लोअर लावला. आधी एक मनोरा वाकडा वाकडा उठला, मग दुसरा, मग सगळ्यात शेवटी ते डोके. गल्लीतली पोरे नव्या शेरवान्या सावरत ओरडत होती. भावाची मुलगी म्हणाली, "फुफू, चूहा जागा हो गया."

चूहा जागा झाला आणि हाजीसाहेब आले. मोहल्ल्यातले बुजुर्ग आहेत. म्हणाले, मस्जिदीच्या दाराकडे तोंड करून हे एवढे मोठे थोबाड ईदच्या दिवशी शोभत नाही. भावाने वाद घातला नाही. पाच-सहा जणांनी मिळून अख्खा महाल फिरवला आणि उंदराचे तोंड नाल्याकडे केले. हाजीसाहेबांचे समाधान झाले. संध्याकाळी त्यांचाच नातू सर्वांत जास्त वेळा आत गेला, त्याचे पैसे हाजीसाहेबांनी दिले. अजान झाली की भाऊ पोरांना बाहेर काढून ब्लोअर बंद करायचा. महाल हळूहळू खाली बसायचा, नमाज झाली की पुन्हा उठायचा. पोरांना उड्यांपेक्षा हे बसणे-उठणे जास्त आवडले.

शाळेत मुले आम्हाला विचारतात की फुग्याचे तोंड बांधतात तसे याचे का बांधत नाहीत. याची शिवण हवाबंद नसते. जाड प्लास्टिकच्या कापडाचे तुकडे दोऱ्याने शिवलेले असतात आणि त्या टाक्यांतून हवा सारखी बाहेर जात असते. म्हणून ब्लोअर सारखा चालू ठेवावा लागतो. आमचा दीड हॉर्सपॉवरचा होता. लाईट गेली की खेळ खलास. पहिल्या रात्री एकदा गेलीच, तेव्हा आतली आठ पोरे कापडात गुरफटली आणि त्यांना हातांनी ओढून काढावे लागले. ती हसत होती. आम्ही नाही हसलो.

वही पुढे आहे म्हणून आकडे सांगतो. तिकीट वीस रुपये, पाच मिनिटे, एका वेळी आठ मुले. दुपारी उन्हाने प्लास्टिक इतके तापते की पाय ठेववत नाही, म्हणून धंदा संध्याकाळचाच. ईदच्या दिवशी ६,८४० रुपये. बासी ईदला ४,२६०. तिसऱ्या दिवशी ९६०. एकूण १२,०६०. खर्च: भाडे ९,०००, टेम्पो जाऊन-येऊन १,६००, दुकानातून वायर घेतली त्याच्या लाईटचे ६००, मदतीला दोन पोरे, त्यांचे ९००. बेरीज १२,१००.

"चाळीस रुपयांचा तोटा," आम्ही म्हणालो.

"नऊ हजारांचा फायदा," भाऊ म्हणाला. "मिकी माऊस आपला असता तर ते नऊ हजार कुणाचे होते?"

त्याचे गणित चुकले नव्हते. पंचावन्न हजारांतले नऊ हजार तीन दिवसांत वसूल, असे तो धरत होता. आम्ही वीस वर्षांचा टेम्पो मनात धरून बेरीज करत होतो. एकाच वहीतून दोघांना हवे ते उत्तर मिळाले.

पण तिसऱ्या दिवशी ९६० च का, ते सांगायचे राहिले.

बुधवार होता, २ एप्रिल. साडेपाचच्या सुमाराला आभाळ भरून आले. पाऊस नव्हता. आमच्या त्या मैदानाला पेव्हर ब्लॉक आहेत, त्यात खुंट्या ठोकता येत नाहीत. म्हणून महालाच्या चार कोपऱ्यांना वाळूची चार पोती बांधली होती आणि एक दोरी भावाच्या मोटारसायकलला. आम्ही गल्ला सांभाळत होतो. समोरच्या दुकानाचा पडदा फडफडला, धूळ उठली आणि आमच्या डोळ्यांदेखत महालाचा मागचा कोपरा वर उचलला गेला. पोत्यासकट. हातभर असेल, किंवा दीड हात. आत आठ मुले होती, त्यात हाजीसाहेबांचा नातू आणि आमच्या घरची मुलगी. भावाने त्या कोपऱ्यावर अंग टाकले, अक्षरशः पालथा पडला. दुसऱ्या बाजूने दोघे-तिघे धावले. आम्ही दाराशी उभे राहून एकेका मुलाचा दंड धरून बाहेर ओढले आणि मोजत राहिलो. सात झाली. आठवे सापडेना. ते आपल्या चपला शोधत बाहेरच उभे होते. वारा दोन मिनिटांत गेला. मोटारसायकल आडवी पडली होती. कोणाला खरचटलेही नाही, आणि गल्लीतल्या लोकांच्या दृष्टीने घडले असे काहीच नाही.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही, कारण आम्ही एक गोष्ट वाचलेली होती. १६ डिसेंबर २०२१ ला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर डेव्हनपोर्ट गावातल्या हिलक्रेस्ट प्राथमिक शाळेत वर्षअखेरीचा आनंदाचा दिवस होता. असाच हवेचा महाल मैदानावर लावला होता. वाऱ्याने तो मुलांसकट उचलला. पाचवी-सहावीच्या वयाची सहा मुले गेली. तिथल्या कोर्टात हे समोर आले की आठ खुंट्या मारायच्या तिथे चारच मारल्या होत्या. तरीही २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने महाल चालवणाऱ्या बाईंना निर्दोष ठरवले, कारण तो साधा वारा नव्हता, वावटळ होती, आणि ती येणार हे कोणालाच कळणे शक्य नव्हते. निकाल पुढचा आहे. त्या एप्रिलच्या रात्री आम्हाला फक्त शाळा आणि सहा हा आकडा आठवत होता. वावटळ काय असते ते आम्हाला टास्मानियाने शिकवायला नको. चैत्रात चाकणच्या बाजूला मोकळ्या रानात भर दुपारी किती तरी उठतात, लहानपणी त्यांना भूत म्हणायचो. आणि वारा काय करतो ते आमच्या शहराने पाहिले आहे. १७ एप्रिल २०२३ ला रावेत-किवळे भागात आडोशाला उभ्या राहिलेल्या लोकांवर होर्डिंग कोसळले आणि पाच जण गेले.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात आम्ही धडा बाजूला ठेवून फळ्यावर हे गणित मांडले. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलो वजनाइतका दाब देतो. महालाची एक बाजू चार मीटर रुंद, तीन मीटर उंच. बारा चौरस मीटर. किती झाले? नव्वद किलो, मुलांनी सांगितले. आता वारा दुप्पट झाला, ऐंशीचा. सगळा वर्ग ओरडला, एकशे ऐंशी. नाही. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. तीनशे साठ. वर्ग गप्प झाला. आमची चार पोती मिळून शंभर किलोही नव्हती. युरोपातल्या नियमात म्हणे ताशी अडतीसच्या वर वारा गेला की असा महाल बंद करायचा असतो, आणि तो किमान सहा जागी जमिनीला बांधलेला असावा लागतो. अडतीसचा वारा ओळखायचा कसा, तर पाने असलेली लहान झाडे डोलू लागतात. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "आपा, आप भी तो वहीं थीं ना परसों?" आम्ही हो म्हणालो.

घरी भाऊ म्हणाला, "म्हणजे घ्यायचा नाही." आम्ही म्हणालो, तसे म्हटलेले नाही. आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. जून ते सप्टेंबर गेले. उन्हाळ्यात जत्रा, हिवाळ्यात शाळांची संमेलने आणि वाढदिवस, ईद दोन. बकरी ईदला पोरांना बकरा असतो, मिकी माऊस लागत नाही. म्हणजे धंदा मुख्यतः चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांचा. खेड, मावळ, जुन्नर, गावोगाव. आणि इथे भाऊ बोलायचा थांबला. कारण आम्हा सगळ्यांच्या मनात तीच बातमी होती. त्याच फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत, असा ठराव केला होता. गटविकास अधिकाऱ्यांनी ठरावाला स्थगिती दिली, हे खरे. पण पंचावन्न हजार घालून टेम्पोत मिकी माऊस भरून माणूस गावाच्या वेशीवर पोचला आणि पावती फाडणाऱ्याने नाव विचारले, तर स्थगितीचा कागद कोणी खिशात घेऊन फिरत नाही. अम्मी इतका वेळ तस्बीह ओढत होत्या. म्हणाल्या, "टेम्पो को किसी ने नाम नहीं पूछा था. फिर भी डूबा." आम्हाला त्याचा अर्थ नीट लागला नाही. भावाला लागला असावा, तो हसला.

भिशी लागली आणि आम्ही पत्रे बदलले. हा निर्णय कोणी मोठ्याने जाहीर केला नाही. वेल्डरला फोन आम्ही केला. भावाने पत्रे चढवायला दोन दिवस अंगमेहनत केली आणि त्या दोन दिवसांत आमच्याशी कामापुरतेच बोलला.

मग तो भोसरीच्या मालकाकडे रोजावर गेला. पाचशे रुपये रोज. ज्या वस्तूचा मालक व्हायचे होते तिचा हमाल झाला, असे दुल्हन म्हणाली, आणि खरे तर ते आमच्यासाठी होते. कंपनीत लाइनवर त्याच्या शेजारी उभा राहणारा खेड तालुक्यातला एक दोस्त होता, तोही ब्रेकवर. तो म्हणाला, "आमच्या जत्रेला या, भाई. कमिटीत आमचे चुलते आहेत." मालक, भाऊ आणि उंदीर तिघे गेले. पावतीवर भावाचे नाव लिहिले, शुद्धलेखन चुकवले, पाळण्याच्या शेजारी जागा दिली. रात्री दोस्ताच्या आईने जेवायला वाढले. भावाने घरी येऊन जागेचे भाडे, गिऱ्हाइकांची संख्या सगळे सांगितले. पावतीचे आम्ही विचारले तेव्हा सांगितले.

त्या वर्षी मे महिना मेसारखा राहिलाच नाही. महिन्याच्या मध्यापासूनच रोज संध्याकाळी पाऊस. २६ मे ला तर मोसमी पाऊसच मुंबई-पुण्यात येऊन पोचला. मालकाचे तिन्ही मिकी माऊस ओले होऊन गोदामात पडले. सुकवायला ऊन नाही, कापडावर काळी बुरशी. रोज बुडाले. आमच्या नव्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते, आणि घरात एक थेंब नव्हता. आम्हाला बरे वाटले. नेमके तेव्हाच भाऊ म्हणाला, "घेतला असता तर एप्रिलच्या चार जत्रा आपल्या झाल्या असत्या, आपा. छत्तीस हजार तरी." आम्ही कागदावर मोजले. छत्तीस नाही, पण अठ्ठावीसपर्यंत गेले असते. ते त्याला सांगितलेही.

ठेकेदाराचा फोन पावसाळाभर आला नाही. भावाने दोन महिने एका वर्कशॉपमध्ये काम केले, मग तेही सुटले. नोव्हेंबरमध्ये तो आणि खेडचा दोस्त भोसरीला गेले आणि तोच पिचक्या कानाचा मिकी माऊस बेचाळीस हजारांना ठरवून आले. पावसाळ्यानंतर भाव उतरतो, हे त्याला मालकाकडे राबूनच कळले होते. प्रत्येकी एकवीस. भावाकडे नऊ होते. बारा आम्ही दिले, कर्जे-हसना म्हणून. अम्मींनी वहीत सही करायला लावली, दोघांना. दोस्ताने त्याच्या वहीत त्याच्या घरी केली म्हणे. गोष्ट एवढ्यावर आली की अर्धा उंदीर आमचा झाला.

आमचीही एक अट होती. वाळूची पोती नाहीत. हातभर लांबीचे लोखंडी सहा खुंटे वेल्डरकडून करून घेतले, पत्र्याच्या कामातून उरलेल्या अँगलचे. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असेल तिथली ऑर्डर घ्यायची नाही. या एका अटीने अर्धी ऑर्डर जाते, कारण पिंपरी-चिंचवडमध्ये मोकळी माती राहिली आहे कुठे? सोसायट्यांच्या वाढदिवसांना सगळीकडे फरशी. दोस्त म्हणाला, "बाई, तुम्ही धंदा करायला सांगताय की बंद करायला?" त्याच्यापाशी उत्तर नव्हते आणि आमच्यापाशीही नाही. दोन वेळा त्यांनी आम्हाला न सांगता फरशीवर लावला, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दोन्ही दिवसांची वहीतली नोंद दुल्हनच्या अक्षरात आहे.

जानेवारी २०२६ मध्ये आमच्या शाळेचा आनंद मेळावा होता. मुले भेळ, शरबत विकतात, पालक येतात. मिकी माऊस आणायचे ठरले तेव्हा आम्ही हेडमास्तरांना सांगितले की आमच्या भावाचा धंदा आहे, म्हणून आम्ही या कामात नाही. त्यांनी तीन ठिकाणचे भाव मागवले. भावाचा तीन हजारांचा सर्वांत कमी निघाला. आमच्या मैदानात मुरूम आहे, सहाही खुंटे घणाने ठोकले. आम्ही अम्मींच्या जुन्या हिरव्या दुपट्ट्याची एक लांब पट्टी फाडून बांबूला बांधली आणि तो बांबू महालाशेजारी रोवला. पट्टी लोंबत असेल तर चालू. निम्मी वर आली तर आतली मुले चार. आडवी झाली की सगळे बाहेर. आठवीच्या मुलींना पाळ्या लावून दिल्या.

अकराच्या सुमारास पट्टी आडवी झाली. सूर्य स्वच्छ होता, कोणाला काही वाटण्यासारखा वारा नव्हता. पाळीवरच्या मुलीने शिट्टी वाजवली. मुले चपला घेऊन बाहेर आली, पालक कुरकुरले, आणि रांगेतल्या एका वडिलांनी आम्हाला विचारले, "मॅडम, हे कुणाचे आहे? एवढ्याशा वाऱ्याला बंद करतात?" भाऊ ब्लोअरजवळ उकिडवा बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिले, उठला आणि बटण दाबले. आधी डोके खाली आले, मग मनोरे.

त्या दिवशीच्या नोंदीत जमेच्या बाजूला तीन हजार आहेत. खर्चाच्या बाजूला टेम्पो सातशे. खाली भावाच्या अक्षरात: बंद, पन्नास मिनिटे.